उभ्या उभ्या

मे महिन्यातल्या लग्नात जेवण झालं की मी थोडा वेळ कार्यालयाबाहेर येऊन उभी राहते. आत उकाडा, सनईची तीच ती कॅसेट आणि आग्रह करणारी माणसं. बाहेर भिंतीच्या कडेने, जिथे म्हणून कडुलिंबाची सावली पडते तिथे, पांढऱ्या टुरिस्ट गाड्या ओळीने लागलेल्या असतात. काचा वर, सीट मागे पाडलेली, तोंडावर रुमाल घेऊन ड्रायव्हर झोपलेला. इंजिन मात्र चालू. त्याची घरघर इतकी एकसुरी असते की काही वेळाने ती ऐकूच येत नाही. आणि प्रत्येक गाडीखाली पाण्याचं एक चिमुकलं डबकं साचलेलं असतं. रस्त्यावरची कुत्री बरोबर तिथे येतात, चार थेंब चाटतात आणि त्याच ओलीवर पोट टेकून पडतात.

ते पाणी एसीचं. गाडीतल्या हवेतला दमटपणा थंड नळ्यांवर जमतो आणि खालच्या पाइपातून ठिबकतो. त्याचा इंजिनाशी तसा संबंध नाही. पण इंजिन स्वतःही पाणी तयार करतं. जानेवारीच्या सकाळी सायलेन्सरच्या टोकातून टपटपणारं पाणी पुष्कळांनी पाहिलेलं असतं आणि बऱ्याच जणांनी ‘गाडीत पाणी शिरलं की काय’ म्हणून घाबरून मिस्त्रींना फोनही केलेला असतो. पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते. एक लिटर पेट्रोल जळलं तर साधारण एक लिटर पाणी तयार होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते कोणी थट्टेने लिहिलंय असं वाटलं होतं. म्हणजे आपण टाकी भरून निघतो आणि सबंध रस्ताभर तेवढंच पाणी वाफेच्या रूपात सांडत जातो. गाडी पळत असली, सगळं तापलेलं असलं, की ती वाफ दिसतही नाही. गाडी थंडीत नुसतीच उभी राहून चालत असली की मात्र त्यातली काही वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरते. तिथे ऑइल असतं. ऑइल चांगलं तापलेलं असेल तर वाफ पुन्हा उडून जाते, नसेल तर तिथेच मुक्काम करते. हिवाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून पाहिलं तर आतल्या बाजूला कधी कधी फिकट, दुधाळ चिकटा धरलेला दिसतो. तो या मुक्कामाचा.

आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, हे सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. साताऱ्याच्या थंडीत त्यांची फियाट सकाळी चालू व्हायची ती एखाद्या विधीसारखी. डॅशबोर्डखालचा चोक ओढायचा, दोनदा अॅक्सिलरेटर दाबायचा, मग चावी. इंजिन खोकायचं, थरथरायचं, मग एका चढ्या, रागीट सुरात चालू राहायचं. दादा खाली उतरून काच पुसत. आई आतून ‘आले, आले’ म्हणत कुलूप शोधत असे. चोक हळूहळू आत ढकलला जाई, सूर उतरत जाई, आणि तो अमुक एका ठिकाणी आला की दादा म्हणत, ‘आवाज बसला. चला.’ त्याआधी गाडी हलवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. शेजारचे एक वकील गाडी सुरू केली की लगेच गिअर टाकून निघत. दादा त्यांच्या पाठमोऱ्या गाडीकडे पाहून मान हलवत. त्या मान हलवण्यात वकिलांच्या एकूण संसाराविषयीही थोडं मत असे.

आणि त्या गाडीपुरतं दादांचं बरोबरच होतं. कार्बोरेटरला थंडी कळत नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतींवर ओलंच चिकटतं, म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यायचं. तशी गाडी लगेच पळवली तर ती चौकात बंद पडणार. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांना इंजिनाचं तापमान कळतं, हवेचं कळतं, धुरात उरलेला ऑक्सिजनही कळतो. चोक गेला. उभं राहून गाडी तापवण्याचं कारण गेलं. ऑइल वरपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, तेवढे द्यावेत आणि पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी दामटू नये, एवढंच उरलं. उलट, इंजिन उभ्या उभ्या फार सावकाश तापतं. जितका वेळ ते थंड, तितका वेळ पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येत राहणार, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरणार. चालवलं की ते लवकर तापतं. कारण गेलं तरी सवय मात्र गेली नाही. आमच्या सोसायटीत अजून एक गृहस्थ सकाळी गाडी चालू करून वर जातात, चहा घेतात, पेपर चाळतात आणि मग खाली येतात. त्यांच्या गाडीत चोक नाही, पण त्यांच्या वडिलांच्या गाडीत तो नक्की असणार.

ऑइल वरपर्यंत पोचतं असं मी म्हटलं, पण खरी गंमत त्यापुढे आहे. बेअरिंगमध्ये धातू धातूला लागत नाही, मधे ऑइलचा पापुद्रा असतो, हे आपण शाळेत वंगण या शब्दाखाली शिकून विसरलेलो असतो. तो पापुद्रा इतक्या ओझ्याखाली टिकतो कसा, हे १८८३ सालापर्यंत कोणाला नीट माहीत नव्हतं. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचे एक इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑइल सोडायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागला तसं त्या भोकातून ऑइल आत जाण्याऐवजी बाहेर यायला लागलं. त्यांनी बूच मारलं. बूच उडालं. मग लाकडी गुडदी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. तेव्हा त्यांनी तिथे दाबाचं मापक बसवलं, आणि काटा मापकाच्या शेवटच्या आकड्यापलीकडे गेला. आतला दाब कुठल्याही पंपाने आणलेला नव्हता. फिरणारा आस स्वतःच ऑइलला अरुंद फटीत ओढून घेत होता आणि त्यावर स्वार होत होता. तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगची रचना त्याच गणिताने होते.

त्या उडालेल्या बुचावर माझा फार जीव आहे. मोठमोठ्या सिद्धान्तांच्या मुळाशी अशी चिडवणारी, किरकोळ गोष्ट असली की बरं वाटतं. पण मुद्दा असा की इंजिनाला वर उचलून धरणारा तो दाब फिरण्यातून येतो. वेग कमी झाला की पापुद्रा पातळ होतो. पातळ म्हणजे किती? मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले मोजके काही. हमरस्त्यावर इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतं, उभं असताना सातशे-आठशे. ऑइलचा पंपही क्रँकवरच चालतो, म्हणजे फेरे कमी तसा त्याचा दाबही कमी. बनवणाऱ्यांनी याचा हिशोब केलेला असतो. उभ्या उभ्या इंजिन काही फुटत नाही. पण कॅम आणि टॅपेट जिथे एकमेकांवर घासतात तिथे सावकाश फिरताना पापुद्रा अगदीच नावाला उरतो. मग ऑइलमध्ये मिसळलेलं जस्ताचं एक संयुग कामाला येतं. घर्षणाच्या जागी ते धातूवर एक कडक लेप धरतं आणि धातूऐवजी आपण झिजतं. तीन-चार तास उभं राहिलेल्या बंदोबस्ताच्या पोलिसाला विचारावं, पाय चालून भरतात की उभं राहून. इंजिनाचंही तसंच काही असावं.

मिस्त्रींना मी हे सगळं मोठ्या हौसेने सांगितलं होतं. ते एका गाडीखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, ‘ताई, एका दिवसात काय होत नाय. गाडी उभी चालली म्हणून मेली, असं मी तरी बघितलं नाय. पण प्लग काढून बघा.’ बाहेर येऊन त्यांनी खोक्यातून दोन जुने प्लग काढून माझ्या हातावर ठेवले. एकाचं टोक विटकरी-करडं, कोरडं. दुसऱ्यावर काजळीची मऊ, काळी लव. पहिला रोज पुणे-नगर करणाऱ्याचा होता, दुसरा एका साहेबांच्या गाडीचा. साहेब मिटिंगला वर, गाडी खाली चालू. प्लगचं टोक साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. नुसतं उभं राहून ते टोक तेवढं तापत नाही. मिस्त्रींचा यावरचा उपाय सगळ्या महाराष्ट्रातल्या मिस्त्रींचा आहे : ‘हायवेला घाला आणि जरा हाणून आणा.’

नव्या डिझेल गाड्यांनी या उपायाला जवळजवळ शास्त्राचा दर्जा दिला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या पोटात काजळी अडवणारी जाळी बसली. जाळी भरली की ती तापवून आतली काजळी जाळायची. त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी रस्त्यावर असेल तर हे काम तिचं ती करते. माझ्या मावसबहिणीची गाडी घर, शाळा, भाजी आणि पुन्हा शाळा एवढ्यातच फिरे. शाळेबाहेर मुलगी येईपर्यंत एसी लावून उभी. गाडी तापवायचा प्रयत्न करायची, त्यासाठी थोडं जादा डिझेल सोडायची, तेवढ्यात शाळा सुटायची किंवा घर यायचं आणि ही चावी काढायची. अर्धवट राहिलेल्या त्या प्रयत्नांतलं डिझेल थोडं थोडं चेंबरमध्ये उतरत होतं. एक दिवस पिवळा दिवा लागला. गॅरेजात पट्टी बाहेर काढून पाहिली तर ऑइल कमी झालेलं नव्हतं, वाढलं होतं. ती आनंदाने म्हणाली, ‘बघा, माझी गाडी ऑइल खात नाही.’ मिस्त्रींचा चेहरा पडला. वाढलेल्या ऑइलला डिझेलचा वास येत होता. बोटांत धरून चोळलं तर ते पाण्याच्या जवळ गेलेलं.

गाडीबरोबर येणारी पुस्तिका कोणी वाचत नाही. मला ती वाचायची खोड आहे. ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, हे पान सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या मागेपुढे आणखी एक पान असतं, खडतर वापराचं. त्या गाड्यांना ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. मला वाटलं होतं तिथे वाळवंट असेल, हिमालय असेल. पाहते तर त्यात धूळ आहे, वारंवार जवळचे प्रवास आहेत, थांबत थांबत चालणारी रहदारी आहे आणि दीर्घकाळ उभं राहून इंजिन चालू ठेवणं आहे. म्हणजे हिंजवडीला रोज जाणारा प्रत्येक सज्जन मनुष्य त्या पानावर आहे. तो घरी येऊन सांगतो, गाडी अगदी हळू चालवतो मी, आरामात. गाडी तिकडे खडतर आयुष्य जगत असते.

याचं एक कारण असं की आपण गाडीचं वय किलोमीटरांत मोजतो. उभं राहण्याचे किलोमीटर होत नाहीत. तासभर उभ्या उभ्या चाललेलं इंजिन म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटर चाललेली गाडी, असा एक ढोबळ हिशोब वाहनांचे मोठे ताफे सांभाळणारे लोक धरतात. पण काट्यावर त्याची नोंद शून्य. शेतात आणि खाणीत हे चालत नाही. जेसीबीला तास मोजणारं मीटर असतं, ट्रॅक्टरला असतं, जनरेटरला असतं. गावाकडे जेसीबीवाला कधी ‘माझं मशिन इतके किलोमीटर झालं’ म्हणत नाही. तो तास सांगतो. खड्डा खणला काय, बांधावर उभं राहून मालकांच्या भांडणाचा निकाल लागायची वाट पाहिली काय, इंजिन चालू होतं म्हणजे तास पडला.

रिक्षाच्या मीटरला मात्र उभं राहणं कळतं. आपण दुकानात शिरलो की बाहेर वेटिंगचे पैसे चढत राहतात आणि बाहेर येऊन आपण त्या आकड्याकडे संशयाने पाहतो. लग्नाच्या गाडीचं तसं नाही. बाहेरगावच्या गाडीचे दिवसाला तीनशे किलोमीटर धरतात, वर ड्रायव्हरचा भत्ता. कार्यालयाच्या सावलीत गेलेली दुपार त्या भत्त्यात कुठेतरी मुरलेली असते. डिझेल मालकाचं, ऊन ड्रायव्हरचं. एसी कोणी का बंद करावा? मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांचा हिशोब वेगळा होता. स्टँडवर रांग पुढे सरकली की ते गाडी चालू करत नसत. दार उघडून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून, खांद्याने पद्मिनी चार हात पुढे ढकलत. पेट्रोल स्वतःच्या खिशातलं होतं. त्या जातीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, निवृत्त झाली. इंजिनाच्या हिताविषयी त्या खांद्यांइतकं चांगलं कोणी वागलं नसेल, आणि त्यांना ते इंजिनासाठी करायचंही नव्हतं.

चालू ठेवणाऱ्या सगळ्यांना आळशी म्हणणं मला जमत नाही. एसटीच्या स्टँडवर घरघरत उभी असलेली गाडी पाहून मला राग यायचा. एका ड्रायव्हरने सांगितलं, ‘बंद केली तर सेल्फ घ्यायचा नाही, बाई. मग उतरा आणि ढकला.’ शिवाय मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर असतात. हवा भरलेली नसेल तर चाकं सुटतच नाहीत, आणि ती भरायला इंजिन चालावं लागतं. म्हणजे ते उभं राहणंही कामच. दुपारी चाळीस अंशांत गाडीत झोपणाऱ्याला मी काच उघडून झोप असं कोणत्या तोंडाने सांगू? एवढंच सांगावंसं वाटतं की बंद शेडमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये असं झोपू नको. तिथे जमणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो.

बंद करा, असं सांगणारे पुष्कळ आहेत. पेट्रोलियम संवर्धनाची सरकारी संस्था १९७८ पासून तेच सांगते आहे. दिल्लीत २०२० च्या ऑक्टोबरात ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ अशी मोहीमच निघाली. हिशोबही सोपा आहे. पुन्हा चालू करायला जेवढं इंधन लागतं ते साधारण दहा सेकंद उभं राहून जळतंच. त्याहून जास्त थांबायचं असेल तर बंद केलेलं बरं. पुण्यात सिग्नलवर उलटे आकडे दिसतात. नव्वद दिसले की काही शहाणे चावी फिरवतात. वीस दिसले तर कोणी फिरवत नाही.

पण हा हिशोब आकडा दिसतो तोवरच चालतो. मागच्या एका लाँग वीकेंडला खंडाळ्याच्या घाटात अडकलो होतो. चढावर, तीनही लेनमध्ये, ट्रकांच्या मधोमध. समोर आकडा नव्हता. आता सुटेल असं वाटत होतं म्हणून सगळे चालू होते. माझ्या डाव्या हाताच्या गाडीतले आजोबा खाली उतरून चिरंजिवांना सांगत होते, ‘अरे, बंद कर, किती वेळ जाळतोयस!’ चिरंजीव म्हणत होता, ‘बाबा, आता हलेल. बंद केलं आणि लगेच हललं तर?’ आजोबा म्हणाले, ‘मग चालू कर.’ चिरंजीवाने बंद केलं. दोन मिनिटांत पुढचा ट्रक धूर सोडून दहा फूट सरकला आणि मागून हॉर्न सुरू झाले. चिरंजीवाने आजोबांकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या काचेकडे वळावं लागलं. दहा फुटांनंतर पुन्हा सगळं थांबलं. या वेळी चावीला कोणी हात लावला नाही, आजोबाही काही बोलले नाहीत. शेंगदाणेवाला गाड्यांच्या मधून वर चढत होता. घाट किती वेळात सुटेल हे त्यालाच माहीत असणार, या खात्रीने तीन-चार काचा एकदम खाली झाल्या. त्याने पुड्या दिल्या, सुटे पैसे मोजून घेतले आणि सांगितलं, ‘पुढं काय झालंय ते बघितलं नाय साहेब. मी खालनं आलोय.’